गाडी थांबली की बोलेन

म्हैसुरात लक्ष्मीपुरमला राहणाऱ्या बिंदुमाधवरावांच्या मराठी घराण्याची एक खोड साऱ्या आळीला ठाऊक होती. त्या घरातली माणसं चालता चालता बोलत नसत. बोलायचं झालं की भर रस्त्यात थांबत, समोरच्याकडे वळत, वाक्य पुरं करत आणि मगच पुढचं पाऊल टाकत. देवराज मार्केटातून घर गाठायला यांना इतरांच्या तिप्पट वेळ लागे, आणि वाटेत एखादा चुलतभाऊ भेटला तर पिशवीतली कोथिंबीर घरी पोचेपर्यंत मान टाकी. ही रीत घालून दिली बिंदुमाधवरावांच्या वडिलांनी, नागोजीरावांनी. पायाखाली वाट आणि तोंडात घास असताना बोलू नये, आणि बोलायचं तर माणसाच्या तोंडाकडे बघून बोलावं, एवढंच त्यांचं म्हणणं. नागोजीराव जाऊन कित्येक वर्षं झाली, रीत काही गेली नाही.

जेवताना तर मौनच. पानाभोवती पाणी फिरवलं की हात धुऊन उठेपर्यंत बिंदुमाधवराव शब्द काढत नसत. हवं-नको ते सगळं हुंकारावर चाले. लांबवलेला हूं म्हणजे भात वाढा, तुटक दोन हूं म्हणजे पुरे, आणि नाकातून निघाला तर सारात मीठ कमी आहे. त्यांच्या पत्नी वेदवतीबाईंनी संसारात आधी ही भाषा शिकून घेतली होती, मग स्वयंपाकघराच्या किल्ल्या घेतल्या होत्या.

त्यांची एकुलती लेक शरण्या हिनं मात्र आजोबांची रीत अर्धीच उचलली. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं हे तिच्या अंगात भिनलं, थांबायचं तेवढं राहून गेलं. आणि नशिबाची थट्टा बघा, तिला काम मिळालं तेही गाडी चालवत बोलण्याचं.

आधी ती बँकेत होती. कायमची नोकरी, पेन्शनची हमी, घरापासून चालत जाण्याइतकी जवळ. ती सोडून ती एका कन्नड चॅनेलवर गेली तेव्हा बिंदुमाधवराव काहीच बोलले नाहीत. रेल्वे वर्कशॉपच्या ऑफिसात उभा जन्म गेलेला माणूस; मनातलं मनात ठेवायची सवय. लेकीनं त्या गप्प बसण्याचा अर्थ आपल्या परीनं लावला. पहिल्या शूटिंगच्या आदल्या दिवशी त्यांनी कपाटातून आपल्या आईच्या मोत्यांच्या कुड्या काढल्या आणि शरण्याच्या हातावर ठेवल्या. अज्जीच्या आहेत, ठेव, एवढंच म्हणाले. टीव्हीवर या जुनाट दिसतील की काय कोण जाणे, असं शरण्या पुटपुटली. बिंदुमाधवरावांनी हूं केलं आणि विषय संपला.

कार्यक्रमाचं नाव 'दारी मातु', म्हणजे वाटेवरच्या गप्पा. दर रविवारी संध्याकाळी शरण्या एखाद्या पाहुण्याला शेजारी बसवून म्हैसूरच्या आसपास कुठेतरी गाडी हाकत न्यायची. कधी कुस्तीगीर, कधी आचारी, कधी वीणा बनवणारा. पाहुणा बोलला की ती त्याच्या तोंडाकडे बघायची, मध्येच डॅशबोर्डावरच्या कॅमेऱ्याकडे वळून प्रेक्षकांना काहीतरी सांगायची, हसायची, पुन्हा पाहुण्याकडे वळायची. आळीतल्या बायका म्हणत, अगदी आपल्याशीच बोलते हो तुमची मुलगी, नजरेला नजर देऊन. बिंदुमाधवराव वरवर मान डोलवत. तिची नजर जर साऱ्या म्हैसूरच्या नजरेला भिडली होती, तर रस्त्याकडे कोणाची होती?

रविवारी टीव्हीसमोरची खुर्ची त्यांची. पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, आणि उजवा पाय अधूनमधून फरशीवर दाबला जायचा. शरण्या कॅमेऱ्याकडे वळली की ते 'नारायण, नारायण' म्हणायचे आणि तिच्या खांद्यावरून मागच्या काचेतून दिसणारी वाहनं बघायचे. कॅमेरा मागच्या सीटवरून दाखवू लागला की पुढच्या काचेतला रस्ता बघायचे. हा गतिरोधकाचा हंप आला. ही बस थांबणार. तो सायकलवाला वळणार, वळणार, वळला. वेदवतीबाईंना या माणसाचं हसावं की रडावं ते कळत नसे.

"अय्यो, शूटिंग झालं गेल्या आठवड्यात, दाखवतात आज. म्हणजे गाडी पोचली की घरला. सुम्ने उगाच का जीव खाता स्वतःचा?"

तर्क बिनतोड होता. पण भीतीला तर्क समजता तर जगात औषधाची दुकानं अर्धी बंद पडती. कार्यक्रम संपल्यावर शरण्यानं आज काय घातलं होतं, पाहुणा कोण होता, असं कोणी विचारलं तर बिंदुमाधवरावांना सांगता येत नसे. हुणसूर रस्त्याला कुठे खड्डे बुजवलेत आणि नंजनगूडच्या वाटेवर नवा हंप कुठे आलाय, ते मात्र बिनचूक सांगत. वेदवतीबाई म्हणत, यांना लेकीच्या ऐवजी सडक झाली असती तरी चाललं असतं.

लेकीला त्यांनी एकदा सांगून बघितलं. ती भेटून आपल्या बिऱ्हाडी जायला निघाली तेव्हा दारात थांबून, तिच्या तोंडाकडे बघून म्हणाले, समोर बघून चालवत जा. शरण्या हसली. सवय झालीय अप्पा, डोळ्याच्या कोपऱ्यातून सगळं दिसतं. डोळ्याच्या कोपऱ्यातून फार तर माशी दिसते, पण बिंदुमाधवराव वाद घालणाऱ्यांतले नव्हते. महिन्याभरानं पुन्हा सांगितलं तेव्हा ती हसली नाही. तुम्हाला मुळात माझं कामच नको आहे, ते सरळ सांगा की, म्हणाली, आणि पुढचे दोन-तीन रविवार घरी आली नाही. तेव्हापासून त्यांनी तोंड मिटलं. बोलावं तर लेक दुरावते, न बोलावं तर जीव टांगणीला. रात्री कूस बदलत ते यावर तोडगा शोधत राहिले.

तोडगा आपल्या पायांनी चालत घरी आला. कार्यक्रमाच्या या फेरीचा शेवटचा भाग वडिलांबरोबर करायचा, असं दिग्दर्शक रक्षितच्या डोक्यात आलं. लेक अप्पांना गाडीत घालून सोसलेच्या मठाला नेणार, वाटेत दोघांच्या गप्पा. बिंदुमाधवराव दरवर्षी स्वामींच्या आराधनेला तिथे जातच असत. शरण्यानं विचारलं तेही अप्पा नाहीच म्हणणार असं धरून. ते चटकन हो म्हणाले. वेदवतीबाईंच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं.

जानेवारीतली स्वच्छ सकाळ होती. शरण्या दाराशी गाडी घेऊन आली तेव्हा बिंदुमाधवराव पूजेतून नुकते उठले होते. रक्षितनं त्यांना पुढच्या सीटवर बसवलं, सदऱ्याला माइक लावला, आणि कॅमेऱ्याकडे न बघता मुलीशी घरच्यासारखं बोला, असं कन्नडमध्ये समजावून सांगितलं. बिंदुमाधवराव त्या वेळी सीटबेल्टाशी झटत होते. तो बसला तेव्हा त्यांनी नजर उचलली आणि पुढच्या काचेवर जी लावली, ती तिथेच ठेवली. मागे रक्षित मांडीवर छोटा पडदा घेऊन बसला, त्याच्या शेजारी भुवन हा कॅमेरामन. गाडी निघाली.

शरण्या कॅमेऱ्याकडे वळून गोड हसली, प्रेक्षकांना नमस्कार केला, आजचे पाहुणे कोण ते सांगितलं आणि मग वडिलांकडे वळली. सोसलेला पहिल्यांदा कधी गेलात, अप्पा?

"हूं," बिंदुमाधवराव म्हणाले.

तिनं पुन्हा विचारलं. पुन्हा हूं. आजोबांबद्दल विचारलं, तुटक दोन हूं. तिला हसू आलं. कॅमेऱ्याकडे वळून ती सांगू लागली की आमच्या घरात जेवताना हीच भाषा चालते, याचा अर्थ पुरे झालं. रक्षितही हसला. गंमत म्हणून हे ठीक होतं. पण गावाबाहेर पडून वरुणाचं तळं मागे गेलं तरी पाहुण्याच्या तोंडून अक्षर निघेना, तेव्हा रक्षितचं हसू मावळलं. तो मागून वाकून अजिजीनं म्हणाला की सर, चालत्या गाडीतल्या गप्पा हाच तर आमचा कार्यक्रम आहे. बिंदुमाधवरावांनी काचेवरची नजर न हलवता तर्जनी उचलली आणि समोरचा रस्ता दाखवला. जेवताना मिठाचं भांडं दाखवावं तसं.

मौन धरलेल्या माणसाला बोलतं करणं काही खायचं काम नव्हे. शरण्यानं सगळे उपाय करून बघितले. आजीच्या हातच्या आंबटगोड गोज्जूचा विषय काढला, वर्कशॉपातल्या साहेबांची नक्कल केली, लहानपणी त्यांनी तिला सायकल शिकवताना दोघं गटारात पडले होते ते सांगितलं. बिंदुमाधवरावांच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण ओठ उघडले नाहीत. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं खरं, पण बोलणाराच नसेल तर बघायचं कुठे? शरण्याची नजर आपोआप समोर राहू लागली. बिंदुमाधवरावांनी ते टिपलं आणि त्यांचे खांदे जरा सैल झाले. तोडगा लागू पडत होता.

दोन्ही बाजूंना उसाचे मळे लागले. मग शरण्याचा आवाज आला तो टीव्हीवरचा नव्हता, आणि कन्नडही सुटलं होतं.

"अप्पा, एक विचारते. मी बँक सोडून हे करते, ते तुम्हाला इष्ट आहे का इल्ला?"

आणि ती वळली. उत्तर मिळेपर्यंत तोंडाकडे बघत राहायचं, या घरच्या रीतीनं वळली.

हा प्रश्न तिनं विचारावा म्हणून बिंदुमाधवराव किती वर्षं थांबले होते ते त्यांनाच माहीत. उत्तर जिभेच्या टोकाशी होतं. एक शब्द बोलायचा होता, फक्त एक, आणि लेकीच्या मनातलं जळमट निघालं असतं. पण तो शब्द निघता तर ती आणखी बघत राहती, आणखी विचारती. त्यांनी दात आवळले. डोळ्यांत पाणी आलं ते तसंच ठेवलं. तर्जनी उचलली आणि समोर दाखवली.

शरण्याचा चेहरा पडला. तो त्यांना दिसला नाही, पण श्वास ऐकू आला. तिनं मान झटकन समोर वळवली.

समोर कोणा शेतकऱ्यानं हुलग्याची वाळली झाडं निम्म्या रस्त्यावर पसरली होती, येणाऱ्या-जाणाऱ्या चाकांखाली शेंगा आपसूक फुटाव्यात म्हणून. त्या भागात सुगीनंतर हे नेहमीचंच. त्या पसाऱ्याच्या मध्ये एक बाई गाडीकडे पाठ करून, कमरेत वाकून काटक्या उलट्यासुलट्या करत होती. शरण्यानं वेग हळूहळू उतरवला, कचकन ब्रेक मारला नाही, कारण त्या काडांवर चाक घसरतं. बाईच्या बाजूनं भरपूर जागा सोडून गाडी हळूच पुढे गेली. बाईनं मानसुद्धा वर केली नाही. मागे भुवन जांभई देत होता, रक्षित फोनवर काहीतरी लिहीत होता. एवढंच झालं. काहीही झालं नाही.

बिंदुमाधवरावांचा उजवा पाय मात्र गाडीच्या तळाशी घट्ट रोवलेला होता, आणि तो सैल व्हायला वेळ लागला. तो एक शब्द आपण बोललो असतो तर, हा विचार त्यांनी मनात पुरा होऊच दिला नाही. पुढे डाव्या हाताला एक मोठी चिंच आणि तिच्याखाली मोकळी जागा दिसली. त्यांनी तिकडे बोट केलं आणि एक हूं काढला. लांब नव्हे, तुटक नव्हे, नाकातूनही नव्हे. हा हूं शरण्यानं कधी ऐकला नव्हता, तरी तिला कळला. तिनं गाडी चिंचेखाली घेतली.

"बंद कर आधी," बिंदुमाधवराव म्हणाले. सकाळपासूनचे हे त्यांचे पहिले शब्द.

तिनं चावी फिरवली. मग सगळ्या घराण्यानं जन्मभर केलं तेच त्यांनी केलं. सीटबेल्ट काढला, अंग वळवलं आणि लेकीच्या तोंडाकडे नीट बघितलं. बोलायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. तिच्या कानांत मोत्यांच्या कुड्या होत्या.

"या अज्जीच्या. आज घातल्यास?"

"पहिल्या एपिसोडपासून घालते," शरण्या म्हणाली. "गाडीत बसले की घालते, उतरले की काढून ठेवते. तुम्ही काहीतरी म्हणाल म्हणून दर रविवारी वाट बघायची मी. अम्मानं बघितलं, आळीनं बघितलं. तुम्हीच एक शब्द काढला नाही. म्हटलं, अप्पांना इष्ट नाही, अष्टे, एवढंच."

बिंदुमाधवराव बराच वेळ त्या कुड्यांकडे बघत होते. आईच्या कानांत त्यांनी त्या शेवटच्या बघितल्या होत्या तेव्हा त्यांचे स्वतःचे केस काळे होते.

"मी बघितलंच नाही ग," ते म्हणाले. "एक रविवार चुकवला नाही मी. पण तू माणसांकडे बघतेस, मग रस्ता बघायला कोण? मीच बघत बसतो. तुझ्याकडे बघायला होतच नाही मला."

शरण्यानं पालथ्या हातानं डोळे पुसले.

"काम इष्ट आहे. फार इष्ट आहे," बिंदुमाधवराव म्हणाले. "तू समोर बघ. म्हणजे मी तुला बघीन."

मागे रक्षितला मराठीचं अक्षर कळलं नव्हतं, पण त्यानं भुवनचा दंड घट्ट धरला होता, कॅमेरा हलू नये म्हणून. चिंचेखाली मग बाप-लेक तासभर बोलले. नागोजीराव, सोसले, सायकल, गटार, सगळं निघालं. इतकं साठलेलं होतं की रक्षितलाच शेवटी आठवण करून द्यावी लागली, मठ दुपारी बंद होतो. पुन्हा गाडी सुरू झाली तेव्हा बिंदुमाधवरावांनी मौन धरलं, आणि शरण्यानं ते मोडायचा प्रयत्न केला नाही. ती समोर बघून चालवत होती.

परतल्यावर तिनं रक्षितला सांगून टाकलं. पुढच्या फेरीत पाहुण्याशी बोलायचं ते गाडी कडेला लावून. चालत्या गाडीत पाहुणा वाटेल तेवढं बोलू दे, ती ऐकेल, पण नजर समोर ठेवून, आणि कॅमेऱ्याकडे तर बघणारच नाही. रक्षित कुरकुरला. मग कार्यक्रमाचं नाव काय ठेवायचं, झाडाखालच्या गप्पा? चॅनेलवाले काय म्हणतील ते म्हणोत, शरण्या म्हणाली, ती आता अशीच चालवणार. वरिष्ठांनी बघू म्हटलं. अजून काही नक्की ठरलेलं नव्हतं.

तो भाग लागला त्या रविवारी शरण्या आई-वडिलांकडेच होती. बिंदुमाधवराव खुर्चीत बसले. गाडी निघाली, हुंकार झाले, वेदवतीबाई हसून हसून बेजार झाल्या. शरण्यानं तो प्रश्न विचारला, तर्जनी वर झाली, आणि एकदम चिंच आली.

ती हुलग्यातली बाई कुठे गेली, असं बिंदुमाधवरावांनी विचारलं. शरण्याला क्षणभर आठवेना. मग आठवलं. ते रक्षितनं काढून टाकलं, ती म्हणाली, तिथे काही झालंच नाही म्हणून. बिंदुमाधवरावांनी मान हलवली. बाई सुखरूप शेंगा गोळा करून घरी गेली असेल, आणि तिला हे कधी कळणारही नाही. तेच बरं, असं त्यांना वाटलं.

पडद्यावर चिंचेखालचं बोलणं चाललं होतं, खाली कन्नड अक्षरं धावत होती. वेदवतीबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं तुम्ही बघितल्याच असतील त्या कुड्या, त्या नवऱ्याला म्हणाल्या, दर रविवारी तुम्हीच तर डोळे लावून बसता. बिंदुमाधवराव ओशाळं हसले. मग गाडी पुन्हा सोसलेच्या वाटेला लागली. मागे संगीत, बोलणं काही नाही, शरण्या समोर बघून चालवते आहे, हात स्टिअरिंगवर स्थिर. बिंदुमाधवरावांचा उजवा पाय फरशीवर नुसता टेकलेला होता. लेकीच्या कानशिलाजवळ दोन केस पांढरे झालेत. डावी भुवई अगदी अज्जीसारखी आहे. वळण आलं की ती खालचा ओठ दातांत धरते, शाळेत गणित सोडवताना धरायची तसा. हे सगळं किती दिवसांपासून होतं कोण जाणे.

कार्यक्रम संपला. वेदवतीबाईंनी आवाज बंद केला आणि विचारलं, सोसलेच्या आधी तो लांबलचक पूल लागला, तो कपिलेवरचा की कावेरीवरचा हो?

"कुठला पूल?" बिंदुमाधवरावांनी विचारलं.